शनिवारी लिहायच्या पाच ओळी

आमच्या वसईतल्या कॅथलिक धर्मग्रामात, म्हणजे पॅरिशमध्ये, गेली काही वर्षं एक काम माझ्या गळ्यात पडलंय. रविवारच्या मिस्सामध्ये, म्हणजे सामूहिक उपासनेत, प्रवचन आणि विश्वासांगीकार झाला की लोकांच्या वतीने काही विनंत्या देवापुढे ठेवल्या जातात, त्या लिहून काढायच्या. चार किंवा पाच, फार लांब नाहीत. कुणीतरी वाचनमंचावर जाऊन त्या वाचतं आणि प्रत्येक विनंतीनंतर अख्खं चर्च म्हणतं, ‘हे प्रभो, आमची प्रार्थना ऐक.’ दोन मिनिटांचा मामला. पुढे लगेच दान गोळा होतं, त्यामुळे तेवढ्या वेळात निम्मे लोक खिशात नाहीतर पर्समध्ये सुट्टे चाचपत असतात. तरी ‘ऐक’ म्हणायला कुणी चुकत नाही.

क्रम ठरलेला असतो. आधी ख्रिस्तसभेसाठी, मग राज्यकर्ते आणि जगासाठी, मग दुःखीपीडितांसाठी, शेवटी आपल्या गावासाठी. तयार विनंत्यांची पुस्तकंही मिळतात. जगात शांती नांदो, सत्ताधाऱ्यांना सद्बुद्धी लाभो, रुग्णांना आरोग्य मिळो, मृतांना चिरंतन विसावा मिळो. हे कुठल्याही वर्षी, कुठल्याही गावात वाचता येतं आणि माझी तक्रार तीच आहे. डॉक्टरसमोर बसून ‘मला बरं करा’ एवढंच म्हणायचं आणि गप्प व्हायचं. कुठे दुखतंय, कधीपासून दुखतंय, काय खाल्लं होतं, यातलं काही सांगायचंच नाही, तसलाच हा प्रकार. देवाला सगळं ठाऊक असतं, असं यावर उत्तर मिळतं. असतंच. आपल्याला ठाऊक आहे का, एवढा माझा प्रश्न असतो.

ही प्रार्थना फार जुनी. इ.स. 155च्या सुमारास संत जस्टिनने रोमन सम्राटाला एक लांबलचक पत्र लिहिलं. ख्रिस्ती लोक रविवारी जमून नक्की करतात काय, याचं त्यात वर्णन आहे: आधी वाचन, मग उपदेश, मग सगळे उभे राहून प्रार्थना करतात. पुढे शतकानुशतकं आपल्या लॅटिन उपासनेतून ती गळाली आणि ठळकपणे उरली ती उत्तम शुक्रवारच्या, म्हणजे गुड फ्रायडेच्या, उपासनेत. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 4 डिसेंबर 1963च्या उपासनाविषयक दस्तऐवजात ती रविवारसाठी परत आणली. माझी आजी त्याआधीच्या काळातली. तिकडे फादर लोकांकडे पाठ करून लॅटिनमध्ये बोलायचे आणि इकडे लाल लुगड्यातल्या बायका आपापली रोझरी म्हणायच्या. विहिरीचं पाणी आटलं, पानवेलीवर रोग पडला, फुलं घेऊन दादरला गेलेला मुलगा रात्री परतला नाही, हे सगळं त्या मण्यांमध्येच सांगून व्हायचं. आम्हाला ते मराठीत, मोठ्याने, सगळ्यांसमोर सांगायची मुभा मिळाली. आणि आम्ही तिथे ‘जगात शांती नांदो’ वाचतो.

राज्यकर्त्यांसाठीची विनंती सगळ्यात अवघड. राजांसाठी आणि सगळ्या अधिकाऱ्यांसाठी प्रार्थना करा, असं बायबलमधल्या, तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात सांगितलंय. परंपरा मानायची तर तेव्हा रोमच्या गादीवर ख्रिस्ती लोकांचा छळ करणारा नीरो होता. त्याच्यासाठी प्रार्थना म्हणजे त्याची वाहवा नव्हे, हे त्या लोकांना समजावून सांगावं लागलं नसेल. जस्टिनचं तर रोममध्ये डोकंच उडवलं. आमच्याकडे मात्र निवडणूक जवळ आली की ही ओळ लिहिताना सगळ्यांचे हात आखडतात. उपासना समितीत बँकेतून निवृत्त झालेले एक काका आहेत. त्यांचा ठरलेला शेरा असतो, ‘बाई, चर्चमध्ये राजकारण नको.’

काकांचं अगदीच चूक आहे असं मी म्हणणार नाही. देवाच्या नावाखाली टोमणे मारायची हौस काही जणांना असते. मग विनंती कमी आणि अग्रलेख जास्त होतो. पण हेच काका ऐन उमेदीत हरित वसईच्या मोर्चात चालत होते. हिरव्या पट्ट्यातल्या जमिनी बांधकामाला खुल्या होऊ लागल्या आणि वाड्यांमधल्या विहिरींचं पाणी टँकर भरभरून जाऊ लागलं, तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो झग्यासकट रस्त्यावर उतरले होते. त्यांच्यामागे ख्रिस्ती होते तसे हिंदूही होते, मुसलमानही होते. 2020 साली धाराशिवला, तेव्हाच्या उस्मानाबादला, साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून ते गेले तेव्हा आमच्या गावातल्या ज्या म्हाताऱ्यांनी आयुष्यात कविता वाचली नव्हती तेही टीव्हीसमोर बसले. 25 जुलै 2024ला ते गेले. त्या आठवड्याच्या विनंतीत त्यांचं नाव घालायला काकांनीच सांगितलं. मी विचारलं, ‘आणि पाण्याचं?’ ते म्हणाले, ‘पाण्याचंही घाला.’

नाव घ्यावं की घेऊ नये, हे मात्र दर वेळी नव्याने ठरवावं लागतं. आदिवासींमध्ये काम करणारे आणि एल्गार परिषद प्रकरणात अटकेत असलेले फादर स्टॅन स्वामी 2021च्या जुलैत वांद्र्याच्या होली फॅमिली इस्पितळात वारले. 84 वर्षांचे, कंपवाताने हात थरथरणारे, खटला उभाच न राहिलेले. पाणी पिता यावं म्हणून त्यांनी तुरुंगात नळीचा पेला मागितला होता. त्यांचं नाव घातलं असतं तर वाद झाला असता. शेवटी विनंती ‘खटला न चालता तुरुंगात वर्षं काढणाऱ्या सगळ्यांसाठी’ अशी गेली. भीतीपोटी केलेली तडजोड म्हणून मला ती आधी आवडली नव्हती. नंतर वाटलं, जे कच्चे कैदी कुठल्याच वर्तमानपत्रात आले नाहीत, ज्यांच्या पाठीशी कुठली संस्था नाही, तेही त्या ओळीत बसले. तेव्हा सर्वसाधारण शब्द नेहमी पळपुटेच असतात असं नाही. कुणाला आत घेण्यासाठी ते वापरले आणि कुणाला टाळण्यासाठी, ते बघावं लागतं.

2025चा एप्रिल या कामाच्या दृष्टीने विचित्र गेला. 20 तारखेला ईस्टर. सोमवारी 21ला पोप फ्रान्सिस गेले. मंगळवारी 22ला पहलगाम. शनिवारी टीव्हीवर रोममधला अंत्यविधी चालू होता आणि मी समोर वही घेऊन बसले होते.

पोपसाठी लिहिणं सोपं होतं, खरं तर फारच सोपं. ‘नम्र’, ‘गरिबांचा कैवारी’ ही विशेषणं आपोआप कागदावर येतात. मला त्यांच्याबद्दल आवडलेली गोष्ट वेगळीच होती. गाझामध्ये कॅथलिक चर्च एकच, पवित्र कुटुंबाचं. युद्ध सुरू झाल्यापासून पोप तिथल्या फादरना जवळजवळ रोज संध्याकाळी फोन करत. मरणाच्या दोन दिवस आधीपर्यंत. मोठं काही बोलत नसत. कसे आहात, आज काय खाल्लंत, असं घरच्यासारखं. गाझासाठी प्रार्थना जगभर चालली होती, आमच्याकडेही. पण ज्याच्यासाठी प्रार्थना करायची त्याचा फोन नंबर आपल्याकडे असणं, ही फार वेगळी पायरी आहे. ‘आज काय खाल्लंत’ असं विचारल्यावर ‘काही नाही’ हे उत्तरही ऐकून घ्यावं लागतं.

पहलगामची ओळ लिहायला दुपार गेली. 26 माणसं. त्यांतले तिघे डोंबिवलीचे, म्हणजे आमच्यासारख्याच लोकलच्या वेळापत्रकावर जगणाऱ्या घरांमधले. धर्म विचारून मारलं, या बातमीने तर तोंडाची चव गेली होती. समितीतल्या एका कॉलेजच्या मुलीने सुचवलं की मारेकऱ्यांसाठीही प्रार्थना हवी, येशूने शत्रूंवर प्रीती करायला सांगितलंय. तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत दोघं तिच्यावर चढले. मला ती मुलगी धीराची वाटली, पण ती ओळ मी घेतली नाही. 1999 साली ओडिशात ऑस्ट्रेलियन मिशनरी ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांच्या दोन लहान मुलांना गाडीत जाळलं, तेव्हा ग्लॅडिस स्टेन्स यांनी मारेकऱ्यांना क्षमा केली. त्या माउलीला तो अधिकार होता. नवरा तिचा होता, मुलं तिची होती. चार दिवसांपूर्वी ज्यांच्या डोळ्यांदेखत घरचं माणूस गेलं, त्यांच्या वतीने वसईतल्या बाकावर बसून आपण क्षमा जाहीर करणं म्हणजे दुसऱ्याच्या खिशातून दान टाकणं. ती मुलगी माझ्याशी अजून सहमत नाही. आम्ही लिहिलं ते असं: सहलीला गेलेलं माणूस ज्यांच्या घरी परत आलं नाही त्यांच्यासाठी, आणि पाहुण्यांना वाचवताना मारल्या गेलेल्या तिथल्या घोडेवाल्याच्या घरच्यांसाठी. त्या रविवारचं शुभवर्तमान थोमाचं होतं, जखमेत बोट घातल्याशिवाय मी मानणार नाही म्हणणाऱ्या थोमाचं. फादरनी प्रवचनात पहलगामचा उल्लेख केला नाही. बरं झालं. काही गोष्टी दोनदा सांगितल्या की पातळ होतात.

मग ऑगस्ट आला. 26 तारखेची मध्यरात्र, उजाडल्यावर गणपती बसायचे. विरार पूर्वेला विजयनगरमधल्या रमाबाई अपार्टमेंट या चार मजली इमारतीचा एक भाग कोसळला आणि 17 माणसं गेली. त्याच संध्याकाळी तिथल्या एका घरात लहान मुलीचा पहिला वाढदिवस झाला होता. गल्ली इतकी चिंचोळी की सुरुवातीला यंत्रं आत जाईनात, ढिगारा हातांनी उपसावा लागला. इमारत बेकायदा होती, असं महापालिकेने सांगितलं. बिल्डरला अटक झाली.

हे गाझा नव्हतं, काश्मीर नव्हतं. विरार म्हणजे आमचं रेल्वेस्टेशन. त्या भागातून आमच्याकडे कामाला येणाऱ्या बायका आहेत, माझ्या शाळेतली मुलं आहेत. आणि तरी दोन दिवसांत आमच्या ग्रुपांवर सूर बदलला. स्वस्तात मिळतं म्हणून घेतात, कागदपत्रं कोण बघतो. बाहेरून येतात, जागा मिळेल तिथे राहतात. एकाने तर लिहिलं, दुःख आहे पण डोळे उघडे ठेवून घर घ्यायला नको का? खाली हात जोडलेल्या चित्रांची रांग.

मला लूकच्या शुभवर्तमानाचा तेरावा अध्याय आठवला. शुभवर्तमानात येशूला कुणी ताजी बातमी आणून सांगतं असे प्रसंग फार नाहीत, त्यांतला हा एक. रोमन सुभेदार पिलाताने काही गालीलकरांची कत्तल केली, यज्ञ करत असतानाच, असं लोक त्याला सांगतात. येशू त्यात स्वतःहून आणखी एक बातमी घालतो: शिलोहातला बुरूज पडून 18 माणसं मेली, ती काय यरुशलेमेतल्या बाकीच्यांपेक्षा जास्त पापी होती? बांधकाम कोसळल्याची घटना, त्या गावात सगळ्यांच्या तोंडी असलेली. आणि लोकांच्या मनातला प्रश्नही तोच, आमच्या ग्रुपांवरचा: त्यांचंच काहीतरी चुकलं असणार. येशूचं उत्तर ‘नाही’. मेलेल्यांकडे बोट दाखवायची वाट तो एका शब्दात बंद करतो. बुरूज का पडला हेही सांगत नाही. देवाची इच्छा, नशीब, कर्म, परीक्षा, यातलं काहीच नाही. पुढचं वाक्य मात्र तुम्हीआम्ही टाळतो, कारण ते धमकीसारखं वाटतं: तुम्ही मन पालटलं नाही तर तुमचाही असाच नाश होईल. मला आता ते धमकीचं वाटत नाही. तुमचे बुरूज कुणी बांधलेत ते बघा, असा त्याचा अर्थ मी लावते. बायबलपंडित मान्य करतील की नाही, माहीत नाही.

कारण वसईत हा प्रश्न विचारला की तो फिरून आपल्याच ओटीवर येऊन बसतो. बेकायदा चाळी आणि इमारती आकाशातून पडत नाहीत, त्या जमिनीवर उभ्या राहतात, आणि जमीन कुणाची तरी असते. सात-बारावर सहा भावांची नावं, मोगऱ्याला भाव नाही, पानमळा केव्हाच गेला, मुलांना शेतात उतरायचं नाही. अशा वेळी कुणीतरी येऊन सांगतं, परवानगीचं आम्ही बघतो, तुम्ही फक्त सही करा, दोन फ्लॅट आणि रोख. पाऊस साठवून विहिरींना पाणी पुरवणारी बावखलं आमच्या आजोबा-पणजोबांनी वाड्यांमध्ये खणली होती. त्यांतली कितीतरी रातोरात भरणी टाकून बुजली, तीही परक्यांनी नाही बुजवली. हे सगळ्यांनाच लागू आहे, कुठल्या एका जातीधर्माला नाही. पण मी ज्या बाकावर बसते त्या बाकाबद्दलच मला बोलता येतं.

शनिवारी समितीसमोर मी कच्चा कागद ठेवला. पहिली ओळ मृतांसाठी, दुसरी जखमींसाठी आणि बेघर झालेल्यांसाठी. तिसरी अशी होती: ‘ज्यांनी ती जमीन विकली, ज्यांनी ती इमारत बांधली, ज्यांनी ती बघूनही न बघितल्यासारखं केलं, त्यांच्यासाठी.’ काकांनी चष्मा काढला. म्हणाले, ‘बाई, हे वाचणार कोण? पहिल्या रांगेत कोण कोण बसतं ते ठाऊक आहे ना?’ ठाऊक होतं. आमच्यात एक तरुण सिव्हिल इंजिनिअर आहे, एरवी फारसं बोलत नाही. तो म्हणाला, इमारत एका दिवसात पडत नाही, आधी सांगते. कॉलमला चीर जाते, प्लॅस्टर फुगून सुटतं, आतली सळई गंजून दिसायला लागते, दरवाजे चौकटीत अडकतात. भाडेकरू सांगतात, मालक वरून प्लॅस्टर मारून देतो. ‘तेही घाला,’ तो म्हणाला. मी म्हटलं, विनंतीत प्लॅस्टर कसं घालू? फादर इतका वेळ ऐकत होते. त्यांनी तिसरी ओळ पुन्हा एकदा वाचून घेतली आणि ‘त्यांच्यासाठी’च्या जागी ‘आपल्यापैकी त्या सगळ्यांसाठी’ असं लिहिलं. काका गप्प झाले. ओळ आधीपेक्षा कडक झाली होती, पण आता ती कुणाकडे बोट दाखवत नव्हती, त्यामुळे नाही म्हणायलाही जागा उरली नाही.

त्या रविवारी, 31 ऑगस्टला, शुभवर्तमान लूकच्या चौदाव्या अध्यायातलं होतं: मेजवानीत मानाच्या जागेवर बसू नका, शेवटच्या जागेवर बसा. वाचायला इंजिनिअर मुलगाच गेला. तिसऱ्या विनंतीनंतर ‘ऐक’ जरा उशिरा आलं. एवढंच. कुणी उठून गेलं नाही. मिस्सा संपल्यावर अंगणात एका बाईंनी मला अडवून विचारलं, ‘ते आमच्या दिरांबद्दल होतं का?’ मला तिचा दीर कोण हेही ठाऊक नव्हतं.

शिलोहाच्या बुरुजानंतर लगेच, त्याच श्वासात, येशू अंजिराच्या झाडाची गोष्ट सांगतो. मालक तीन वर्षं येतोय, फळ नाही. तो म्हणतो, तोडून टाक, जमीन कशाला अडवतोय हा. माळी म्हणतो, मालक, एवढं वर्ष राहू द्या, मी भोवताली खणतो, खत घालतो. वाडीत वाढलेल्या माणसाला यातला माळी लगेच ओळखू येतो. अळं करायचं, शेणखत टाकायचं, कंबर मोडेपर्यंत. त्याने विनंती केली आणि त्याच वाक्यात कुदळ हातात घेतली. मुदत मागितली ती झाडासाठी, राबणार तो स्वतः. आमच्या विनंत्यांमध्ये हा दुसरा अर्धा भाग नसतो. देवाने करावं असं आम्ही सांगतो आणि ‘ऐक’ म्हणून बसतो. माळ्याला यश आलं का, पुढच्या वर्षी अंजिरं लागली का, हे लूकने लिहिलेलं नाही.

समितीत यावर बरीच वादावादी झाली आणि त्यातून निदान एक व्यवहारी गोष्ट निघाली. मिस्साच्या शेवटी सूचना असतात: लग्नाचं जाहीर निवेदन, पिकनिकचे पैसे, रक्तदान शिबिर. त्यात एक सूचना वाढली. गावातले एक वकील आणि तो इंजिनिअर मुलगा रविवारी मिस्सानंतर हॉलमध्ये बसतील. घर घेणाऱ्यांनी, भाड्याने राहणाऱ्यांनी आणि जमीन देणाऱ्यांनी आपापली कागदपत्रं दाखवावीत. फी नाही, धर्माची अट नाही. सात-बारा, फेरफार, बिगरशेती परवानगी, बांधकाम परवानगी, भोगवटा प्रमाणपत्र, अशी यादी मी फळ्यावर लिहून ठेवली.

मला वाटलं होतं, भाडेकरू येतील. काही आले. एका बाईने मोबाइलवर बाथरूमच्या छताचा फोटो आणला होता, सळई उघडी पडलेली. इंजिनिअरने फोटो मोठा करून पाहिला आणि तिथल्या तिथे सांगितलं की आधी मुलांची खाट त्या भिंतीपासून हलवा, बाकीचं उद्या येऊन बघतो. पण जास्त गर्दी होती ती देणाऱ्यांची. आमच्याच आळीतले एक दादा, ज्यांच्या वाडीतल्या जांभळांवर आम्ही लहानपणी दगड मारले, करारनाम्याची झेरॉक्स घेऊन आले. वकिलांनी ती दोनदा वाचली आणि सांगितलं, दादा, यात कुठल्याच परवानगीचा पत्ता नाही, सही करू नका. दादा ऐकेनात. बाजूच्याने दिली, त्याची तीन मजली उभी राहिली, लोक राहायलाही आले, त्याला कुणी काही बोललं नाही. ‘मग मीच तेवढा शहाणा कशाला होऊ?’ दादा वकिलांना विचारत होते, पण बघत माझ्याकडे होते.